संशोधकाची शिदोरी

लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला आपल्याकडे हमखास विचारतात, ‘शिदोरी बांधली का?’ संशोधन हीसुद्धा लांबची वाट आहे. पण त्या वाटेवर निघालेल्या प्राध्यापकाला हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. पगार मिळतो ना, मग करा संशोधन, असा एकूण समज. आज बोलायचं आहे ते या शिदोरीबद्दल. महाविद्यालयातल्या किंवा विद्यापीठातल्या शिक्षकाला बाहेरून निधी कुठे मिळू शकतो, तो मागायचा कसा, आणि मिळाल्यावर सांभाळायचा कसा, याबद्दल.

मी स्वतः संशोधक नाही, हे आधीच सांगतो. बी.ए. झालो, कविता लिहीत राहिलो आणि पोटासाठी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात टेबलामागे बसलो. गेली २८ वर्षं प्राध्यापकांचे प्रस्ताव, मंजुरीपत्रं, हप्ते, हिशेब आणि स्मरणपत्रं माझ्या हातांतून गेली. ‘भाई, हा कागद कुठे लावू?’ इथपासून ‘भाई, दुसरा हप्ता का आला नाही?’ इथपर्यंत सगळे प्रश्न ऐकले. तेव्हा जे सांगतो आहे ते टेबलाच्या या बाजूने दिसलेलं आहे.

पहिला प्रश्न, बाहेरचा पैसा लागतोच कशाला? प्रयोगशाळेचं समजतं, यंत्र महाग, रसायनं महाग. पण मराठीच्या, इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या माणसाला काय लागतं? कागद आणि पेन? एक उदाहरण घेऊ. आमच्या भागात मोहरमच्या वेळी म्हटली जाणारी गाणी आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत. त्या ज्यांना येतात त्या बाया आता सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढे गेल्या. ते गोळा करायचं तर गावोगाव जायला हवं, चांगला ध्वनिमुद्रक हवा, उतरवून घेणारा मदतनीस हवा. महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात यासाठी रकाना नसतो. शिक्षक ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू’ म्हणतो. दोन उन्हाळे जातात आणि गाणारी बाई जाते. निधी वेळेवर मागितला नाही तर नुसता पैसा बुडत नाही, हे लक्षात घ्या.

आपल्या प्रांतात पदरमोड करून संशोधन करणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरं धुंडाळली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड सिद्ध केले. त्यांच्यापुढे मान लवतेच. पण दुसरीही परंपरा आहे आणि तिचा उल्लेख कमी होतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. १,२५९ हस्तलिखितं, १९ खंड, ४७ वर्षं. हे काम उभं राहिलं त्यामागे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी देऊ केलेले एक लाख रुपये होते. पुढे हैदराबादच्या निजामांनी, मीर उस्मान अली खान यांनीही, या प्रकाशनासाठी दरवर्षी १,००० रुपयांचं साहाय्य कित्येक वर्षं दिलं. संस्थेतलं अतिथिगृह त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. एवढं मोठं काम एका तिजोरीवर झालं नाही. कुणी आरंभाला दिलं, कुणी छपाईला, कुणी अभ्यासक उतरतील त्या खोल्यांना. आजही कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी योग्य दार शोधणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

राजे गेले, त्यांच्या जागी परिषदा आल्या. सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. हे नाईक म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. परिषदेचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात आहे. आपल्या मातीतल्या माणसांनी उभ्या केलेल्या संस्थेचं दार ठोठावायला आपल्याच तालुक्यातले शिक्षक बिचकतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. इतिहासासाठी १९७२ साली स्थापन झालेली भारतीय इतिहास अनुसंधान परिषद आहे, तत्त्वज्ञानासाठी त्या विषयाची वेगळी परिषद आहे. काही महिने शांतपणे बसून लिहायचं असेल तर सिमल्याची भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे; १९६५ पासून ती जुन्या व्हाइसरॉयच्या निवासात नांदते आहे.

विज्ञानाच्या शिक्षकांनी एक बदल ध्यानात ठेवावा. २००८ च्या कायद्याने विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ आलं होतं. बरेच जण अजून त्याच नावाने चौकशी करतात. ते मंडळ आता राहिलेलं नाही. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो कायदा अंमलात आला आणि जुन्या मंडळाचं काम त्यात विलीन झालं. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचं उद्दिष्ट तेव्हा जाहीर झालं. त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, उद्योगांकडून आणि दात्यांकडून यावा अशी अपेक्षा आहे. मानव्यविद्यांचा जो भाग विज्ञान-तंत्रज्ञानाला येऊन भिडतो, तोही या प्रतिष्ठानच्या कक्षेत धरला आहे.

योजना जन्मतात तशा सरतातही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्पांवर आमच्याकडच्या एका अख्ख्या पिढीने काम केलं. पण त्या योजना पंचवार्षिक चौकटीतल्या होत्या, आणि बारावी योजना २०१७ साली संपली तेव्हा पंचवार्षिक योजनांचा काळच संपला. अल्पसंख्याक समाजातल्या पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींसाठी २००९ साली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली होती. ती २०२२-२३ पासून बंद झाली. त्यानंतरही काही मुलं मोठ्या आशेने तिचा अर्ज विचारायला माझ्या टेबलापाशी आली. त्यांना नाही म्हणणं सोपं नव्हतं. म्हणून सांगतो, ऐकीव माहितीवर विसंबू नका. चालू वर्षाची जाहिरात, तिच्यावरची तारीख आणि पात्रतेची अट स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दुसरं असं की अधिछात्रवृत्ती आणि प्रकल्प यांत गल्लत करू नका. पहिली माणसाला मिळते, त्याचा उदरनिर्वाह चालावा म्हणून. दुसरा कामासाठी मिळतो, आणि त्याचा पैसा संस्थेच्या खात्यात येतो.

सरकारी दारांपलीकडेही दारं आहेत. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ साली स्थापन झालेली संस्था कलाविषयक संशोधनाला साहाय्य देते आणि तिच्याकडे भारतीय भाषांतून, म्हणजे मराठीतूनही, अर्ज करता येतो. थोडे दिवस ब्रिटनमधल्या ग्रंथालयांत काम करायचं असेल तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू अधिछात्रवृत्ती आहेत. एखाद्या वाड्यात, दर्ग्यात किंवा मठात जुनी कागदपत्रं वाळवीच्या तोंडी असतील तर ब्रिटिश लायब्ररीचा २००४ पासून चाललेला धोक्यातल्या दप्तरांचा कार्यक्रम आहे. त्यात मूळ कागद आपल्याच देशात राहतात, त्यांची डिजिटल प्रत निघते. मात्र परदेशी पैसा संस्थेकडे येणार असेल तर २०१० चा विदेशी अंशदान कायदा आडवा येतो. संस्थेची त्याखाली नोंदणी आहे का, २०२० च्या दुरुस्तीनुसार दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं आहे का, हे अर्ज लिहिण्याआधी कार्यालयात विचारा. मंजुरीनंतर विचारलं तर फार उशीर झालेला असतो.

आणि सर्वांत जवळचं दार विसरू नका. राज्यातली अनेक विद्यापीठं संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांना छोटे प्रकल्प देतात. रक्कम लहान असते; पण नवख्या माणसाने तिथून सुरुवात करावी. छोटा प्रकल्प वेळेत पुरा केला, हिशेब चोख दिला, की मोठ्या दारापाशी सांगायला काहीतरी हातात असतं.

निधीचा ठावठिकाणा शोधायची माझी एक साधी युक्ती आहे. आपल्या विषयातली गेल्या दहा वर्षांतली चांगली पुस्तकं काढा आणि त्यांतला ऋणनिर्देश वाचा. लेखकाने कुणाकुणाचे आभार मानले, कुठल्या संस्थेने साहाय्य दिलं, ते तिथे लिहिलेलं असतं. ज्या संस्थेने तुमच्यासारख्या कामाला एकदा पैसा दिला, ती पुन्हा देण्याची शक्यता अधिक. मग त्या लेखकाला एक पत्र लिहा. आपला मंजूर झालेला प्रस्ताव दाखवायला बहुतेक लोक तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

आता अर्जाकडे येऊ. इथे माझ्यातला कवी थोडा बोलेल. ‘मराठवाड्यातील लोकगीते : एक अभ्यास’ अशा मथळ्याचे कितीतरी प्रस्ताव मी पुढे पाठवले. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा असतो : गावात विजेची गिरणी आल्यावर जात्यावरच्या ओव्या कुठे गेल्या? लग्नातल्या हळदीच्या जात्यापुरत्या उरल्या की आणखी कुठे शिरल्या? हिंदू आणि मुसलमान घरांतल्या बायांच्या ओव्यांत काय सारखं आहे आणि काय वेगळं? असा प्रश्न मांडला की वाचणाऱ्याला उत्तर हवंसं वाटतं. परीक्षकापुढे असे पुष्कळ अर्ज असतात. पहिल्या परिच्छेदात प्रश्न दिसला नाही तर तो पुढे शोधत बसेल, ही आशा धरू नका.

दुसरी गोष्ट, आपल्या आधी कोण काय करून गेलं ते सांगा. ओव्यांचाच विषय घ्या. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. त्या कामालाही नव्वदच्या दशकात युनेस्कोसारख्या बाहेरच्या संस्थांचं साहाय्य होतं. हे काम ठाऊक नसल्यासारखा प्रस्ताव लिहिला तर परीक्षक तिथेच फाइल मिटतो. उलट, त्या संग्रहात आमच्या दोन तालुक्यांतलं काय आलं आणि काय राहिलं, असं लिहिलं की तुमची जागा आपोआप ठरते. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हा संग्रह घरबसल्या पाहता येतो. तिथलं उचलून मात्र लिहू नका. वाङ्‌मयचौर्याबाबत आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. मजकुराचं साम्य १० टक्क्यांपुढे गेलं की कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात.

तिसरी गोष्ट अंदाजपत्रक. बरेच जण आधी आकडा ठरवतात आणि मग तो रकान्यांत वाटतात. उलटं करा. समजा, दोन तालुक्यांतली २० गावं, प्रत्येक गावी तीन फेऱ्या, म्हणजे ६० फेऱ्या. एका फेरीला सरासरी ३५० रुपये धरले तर प्रवासाचे झाले २१,०००. प्रत्येक फेरीत तासभर ध्वनिमुद्रण, म्हणजे ६० तास. आता बोली भाषेतलं एक तासाचं मुद्रण नीट उतरवून घ्यायला सहा-सात तास सहज लागतात. म्हणजे सुमारे ४०० तासांचं काम. ताशी १५० रुपये म्हटले तरी ६०,००० रुपये. पाहा, प्रवासाच्या जवळजवळ तिप्पट खर्च नुसता उतरवून घेण्याचा आहे, आणि नेमका हाच रकाना लोक विसरतात. मग ध्वनिफिती कपाटात पडून राहतात. रकमेच्या मागे असं काम उभं असलं की परीक्षकाला ती कापायलाही अवघड जाते.

वेळापत्रकही तसंच. सुगीत बाया शेतात असतात, रमजानमध्ये दुपारी कुणाला गायला बसवता येत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही परीक्षेच्या ड्यूटीवर असता. हे सगळं वजा करून उरलेले महिने मोजा. आणि भाषेचं म्हणाल, तर केंद्रीय परिषदांचा कारभार मुख्यतः इंग्रजी-हिंदीत चालतो हे खरं. पण विचार आधी मराठीत मांडा. पानभर स्वच्छ मराठी लिहून झालं की इंग्रजी करायला माणूस मिळतो. जे मराठीत गढूळ आहे ते इंग्रजीत गेल्याने निवळत नाही.

पैसा मंजूर झाला की आमचं, म्हणजे कार्यालयाचं, काम सुरू होतं. प्रस्ताव प्राचार्यांमार्फतच जातो, निधी संस्थेच्या खात्यात येतो, आणि विकत घेतलेली वस्तू संस्थेची असते. ध्वनिमुद्रक घेतला तर त्याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला व्हायला हवी. एका रकान्यातला पैसा दुसऱ्या रकान्यात न विचारता वळवू नये. खरेदीपूर्वी कोटेशन्स मागवावीत. वर्ष संपलं की खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र, सनदी लेखापालाच्या सहीनिशी. मी पाहिलेल्या अडलेल्या हप्त्यांपैकी बहुतेक हप्ते या एका कागदापायी अडले होते. काम उत्तम झालेलं, पण प्रमाणपत्र टेबलाच्या खणात.

शिक्षकांना एक शंका नेहमी असते. खेड्यातल्या बाईला मानधन दिलं तर पावती कुठली आणायची? साधं आहे. नाव, गाव, कामाचं स्वरूप, तारीख आणि रक्कम लिहिलेलं व्हाउचर करा, सही किंवा अंगठा घ्या. रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. शक्य तिथे पैसे तिच्या बँक खात्यातच जमा करा. तिच्या गाण्याचा मोबदला तिला मिळालाच पाहिजे, आणि तो कागदावर दिसलाही पाहिजे.

नकार येतो. पुष्कळदा येतो. आमच्याकडच्या मराठीच्या एका तरुण प्राध्यापिकेचा असाच प्रस्ताव दोनदा परत आला. पहिल्या वेळी कारणही कळलं नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारणा केली, तेव्हा ‘व्याप्ती फार मोठी’ असा शेरा कळला. मॅडमनी संपूर्ण जिल्ह्याचे दोन तालुके केले, दोन वर्षांचं एक वर्ष केलं आणि विद्यापीठाच्या छोट्या योजनेत अर्ज टाकला. मंजूर झाला. त्या वर्षात त्यांनी ज्या बायांचा आवाज घेतला त्यांतल्या एक नव्वदीच्या खाला अहवाल छापून येण्याआधीच गेल्या. त्यांचा नातू मग महाविद्यालयात आला होता. ग्रंथालयात बसून त्याने आजीचा आवाज ऐकला, आणि त्याची एक प्रत मागितली. मॅडमनी दिली. प्रस्तावातच त्यांनी लिहून ठेवलं होतं की गाणाऱ्यांच्या घरी मुद्रणाची प्रत दिली जाईल, आणि तिच्यासाठी थोडी रक्कमही धरली होती. कुठल्याही परीक्षकाने ती कापली नाही.

एक सावधगिरीही सांगायला हवी. पैसा देणाऱ्याला काही वेळा उत्तरही आधीच ठरलेलं हवं असतं. अर्ज करण्यापूर्वी अटी पूर्ण वाचा : निष्कर्ष छापण्याची मोकळीक आहे का, सामग्रीवर हक्क कुणाचा राहणार, अहवाल कुणाला दाखवावा लागणार. प्रश्न आपला असावा आणि निधी त्याला मिळावा. निधी पाहून प्रश्न बदलायला लागलो तर मग तो अभ्यास कुणाचा राहिला, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं.

तेव्हा मित्रहो, ज्यांच्या मनात असं एखादं काम बरेच दिवस घोळतं आहे त्यांनी या आठवड्यात अर्धं पान लिहावं. प्रश्न काय, तो कुणाला पडला आहे, उत्तर कुठे सापडेल, किती दिवस लागतील, आणि हे आत्ताच का करायला हवं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्यापाशी आहे त्यांनी ते अर्धं पान घेऊन आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात जावं. तिथे टेबलामागे माझ्यासारखा कुणीतरी बसलेला असेल. त्याला विचारा, अर्ज कुठल्या तारखेपर्यंत पोहोचायला हवा. त्याला ठाऊक असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)